शुल्क भरताना ग्राहक, तक्रार करताना शिष्य



इंदुरात खासगी उच्चशिक्षण काल-परवा आलं, असं आपण बोलण्याच्या ओघात म्हणून जातो. ते खरं नाही. संस्थानाने होळकर महाविद्यालय काढलं १८९१मध्ये. त्याच्या चार वर्षं आधी, १८८७मध्ये, कॅनडाच्या मिशनऱ्यांचं क्रिश्चन कॉलेज इथे सुरू झालेलं होतं. किशोरकुमार तिथलेच विद्यार्थी. कँटीनवाल्याची पावणेसहा रुपयांची उधारी त्यांनी बुडवली आणि पुढे तिचंच गाणं केलं, अशी आख्यायिका इंदूरकर अजून चवीने सांगतात. खासगी संस्था आणि विद्यार्थी यांच्यातला पैशाचा व्यवहार या शहरात गाण्यापर्यंत पोचलेला आहे. फक्त त्या वेळी बुडवणारा विद्यार्थी होता.

पुढे १९५२मध्ये गोविंदराम सेकसरिया यांच्या नावाच्या न्यासातून अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. सेकसरिया मुंबईच्या कापूस बाजारातले बडे व्यापारी. श्री वैष्णव संस्थांच्या मागे इथल्या कापड बाजारातले न्यास आहेत. १९९४च्या प्रेस्टिज व्यवस्थापन संस्थेच्या मागे सोयाबीनचा उद्योग आहे, आणि २०००मध्ये सुरू होऊन २०१६मध्ये विद्यापीठ झालेल्या मेडिकॅप्सच्या मागे औषधाच्या कॅप्सूल बनवणारी कंपनी. कापूस, कापड, सोयाबीन, कॅप्सूल, या क्रमाने आपल्या शहराचं उच्चशिक्षण वाढत गेलं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. इंदूर व्यापाऱ्यांचं गाव आहे, आणि व्यापाऱ्यांनी शिक्षणात पैसा घातला नसता तर आपल्यातल्या कित्येकांना पुण्याची नाहीतर नागपूरची वाट धरावी लागली असती. पण पैसा बाजारातून आला असेल, तर बाजारातला सगळ्यात जुना प्रश्न विचारायला हरकत नसावी: जे सांगितलं, तेच दिलं का? आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी या गोष्टीचा आवाका बघू. केंद्र सरकारची उच्चशिक्षणाची जी पाहणी होते, तिच्या अलीकडच्या अहवालांनुसार देशातल्या दर पाच महाविद्यालयांपैकी जवळपास चार खासगी आहेत आणि महाविद्यालयांत शिकणाऱ्या दर तीन मुलांपैकी साधारण दोन खासगी संस्थांत आहेत. मध्य प्रदेशात २००७मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा झाला. त्यानंतर इंदूरच्या चारही बाजूंना विद्यापीठं उगवली. पुण्याच्या सिंबायोसिसचं नाव इथे आलं, मुंबईच्या नरसी मोनजीचं आलं. मे-जूनमध्ये बायपासवरून किंवा उज्जैन रोडवरून गाडीने निघा, फलक वाचता वाचता देवास नाहीतर उज्जैन येतं. त्या फलकांवर काय असतं? इमारत. वातानुकूलित वर्ग. पोहण्याचा तलाव. आणि एका मुलाचा फोटो, त्याच्याखाली लाखांतलं पॅकेज.

फलक वाचणारा मुलगा बहुधा इंदूरचा नसतो. तो खरगोनचा असतो, बडवानीचा, झाबुआचा, धारचा, बऱ्हाणपूरचा. बऱ्हाणपूर-खंडव्याकडची आपली मराठी घरंही यात पुष्कळ आहेत. वडील फाइल घेऊन आलेले असतात. समोर टेबलापलीकडे ‘काउन्सेलर’ बसलेला असतो. त्याचा पगार प्रवेशांच्या आकड्यावर ठरतो, हे फाइलवाल्या वडिलांना माहीत नसतं. मी निवृत्तीनंतरही अशा टेबलांशेजारी नातलगांच्या मुलांसाठी बसलो आहे. वडील विचारतात, “नोकरी लागेल ना?” काउन्सेलर म्हणतो, “शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स.” या वाक्यातला ‘असिस्टन्स’ वडिलांच्या कानात शिरत नाही, आणि शिरू नये अशा बेतानेच तो उच्चारलेला असतो.

विद्यार्थ्यांच्या अपेक्षा अवाजवी झाल्या आहेत, अशी तक्रार संस्थाचालकांच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते. माझं म्हणणं असं की या अपेक्षा मुलांनी घरून आणलेल्या नाहीत. त्या टेबलावर, फलकावर, माहितीपुस्तिकेत संस्थेनेच तयार केल्या. झाबुआच्या मुलाने पोहण्याचा तलाव मागितला नव्हता.

सेवेचा दर्जा मोजायची एक पट्टी व्यवस्थापनशास्त्रात चाळीस वर्षांपासून आहे. अमेरिकेत काम करणारे पारसुरामन, झाइथॅमल आणि बेरी या तिघांनी १९८५मध्ये तिची मांडणी केली आणि १९८८मध्ये २२ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. यातले पारसुरामन आपल्या मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. गंमत अशी की ही पट्टी कॉलेजांसाठी बनलीच नव्हती. बँका, क्रेडिट कार्ड, शेअर दलाल आणि दुरुस्ती-देखभालीची दुकानं यांच्या अभ्यासातून ती निघाली. आज आपल्याकडे एमबीएचे विद्यार्थी आणि पीएचडीचे उमेदवार याच पट्टीने कॉलेजं मोजतात. तिचं सूत्र साधं आहे: ग्राहकाला काय अपेक्षित होतं आणि प्रत्यक्षात काय मिळालं, या दोहोंतली तफावत मोजा. त्यासाठी पाच बाजू धरल्या. दिलेला शब्द पाळणं, तत्परता, काम करणाऱ्याच्या ज्ञानाबद्दल वाटणारा विश्वास, प्रत्येकाची वेगळी अडचण समजून घेणं, आणि पाचवी, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे इमारत, फर्निचर, गणवेश.

याच तिघांनी नंतर अमेरिकन ग्राहकांना सांगितलं, तुमच्याजवळ १०० गुण आहेत, ते या पाचांत वाटा. शब्द पाळण्याला ३२ गुण पडले. तत्परतेला २२, विश्वासाला १९, अडचण समजून घेण्याला १६. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींना फक्त ११. ग्राहक बँकांचे-विम्याचे होते, कॉलेजचे नव्हते, हे मान्य. तरी बायपासवरचा कुठलाही फलक आठवा. त्यावरची जवळजवळ सगळी जागा ११ गुणांच्या गोष्टीने व्यापलेली असते आणि ३२ गुणांच्या गोष्टीबद्दल एक अक्षर नसतं. ‘आमच्याकडे निकाल ठरल्या तारखेला लागतो’ असा फलक मी आजवर पाहिलेला नाही.

आणि मुलांच्या तक्रारी बघाव्यात तर त्या नेमक्या तिथल्याच. पहिल्या वर्षाला शिकवायला आलेले सर दिवाळीनंतर दिसत नाहीत. वेळापत्रकात प्रयोगशाळा आहे, तिचं कुलूप सत्र संपताना उघडतं. गुणपत्रिका वेळेवर न मिळाल्याने पुढच्या प्रवेशाची तारीख टळते. शिष्यवृत्तीचे पैसे सरकारकडून उशिरा येतात आणि तोवर कार्यालय परीक्षेचं प्रवेशपत्र अडवून धरतं. प्रवेश रद्द केला तर फी परत मिळत नाही आणि मूळ कागदपत्रंही परत मिळत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं एका संस्थेने असंच अडकवून ठेवली होती. दुसरीकडे प्रवेश मिळत होता, पण कागद इकडे. वडील रोज फेऱ्या घालत होते आणि खिडकीवरचा कारकून त्यांना ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगत होता. अशा वेळी या मुलीच्या अपेक्षा अवाजवी होत्या, असं कोण म्हणेल?

वास्तविक याबद्दल नियम स्पष्ट आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार संस्थेने मूळ प्रमाणपत्रं पाहून लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश सोडला तर फी पूर्ण परत. त्यातून प्रक्रियेच्या खर्चापोटी कपात करायची ती ५ टक्क्यांपर्यंत, तीही कमाल ५,००० रुपये. नंतर उशीर होईल तसे ९०, ८०, ५० टक्के, आणि अंतिम तारखेनंतर महिना उलटला की काही नाही. नियम इतका सोपा आहे की तो प्रवेशाच्या पावतीच्या मागे छापता येईल. कोणी छापत नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण इथे आपल्या गावाचं नाव देशभर पोचलेलं आहे. उच्चशिक्षणाच्या कायद्यावर बोलणारा कुठलाही वकील ‘मॉडर्न डेंटल’ असं म्हणतो, ते कॉलेज इंदूरचं. मध्य प्रदेश सरकारने २००७मध्ये दुसरा एक कायदा केला. खासगी व्यावसायिक संस्थांचे प्रवेश सरकारी सामायिक परीक्षेतून होतील आणि फी एक समिती ठरवेल, असा तो कायदा. खासगी वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयांचं म्हणणं, आमच्या संघटनेची प्रवेश परीक्षा आम्ही घेऊ आणि फीही आम्हीच ठरवू. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २ मे २०१६ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. संस्था चालवणं हा संस्थाचालकांचा हक्क आहे, हे २००२मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात ठरलेलं होतं. पुण्याच्या इनामदारांच्या २००५च्या खटल्यातही ते कायम राहिलं. पण शिक्षण हा नफेखोरीचा धंदा नव्हे, वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी चालणार नाही आणि त्यावर राज्य लक्ष ठेवू शकतं, असं या निकालाने पक्कं केलं. इंदूरकर म्हणून मला या निकालाचं थोडं अप्रूप आहे. ज्या शहरातून २०१३मध्ये व्यापमच्या परीक्षा-घोटाळ्याचं प्रकरण उघडकीला आलं, त्याच शहराच्या नावाने प्रवेश-परीक्षेच्या शुद्धतेचा निकाल ओळखला जातो.

शिक्षण हा धंदा नव्हे, हे ठीक. पण याच तत्त्वाचं दुसरं टोक विद्यार्थ्याला बोचतं. तो ग्राहक न्यायालयात गेला की त्याला काय ऐकावं लागतं? २०१०मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शिक्षण ही विकायची वस्तू नाही, शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा पुरवत नाहीत. त्याच्या आदल्याच वर्षी पाटण्याच्या एका दंत महाविद्यालयाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने विद्यार्थ्यांना ग्राहक मानून भरपाई दिली होती. त्या कॉलेजला मान्यताही नव्हती आणि संलग्नताही नव्हती. जानेवारी २०२०मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने शिक्षणसंस्थांना पुन्हा कायद्याबाहेर ठेवलं आणि ते प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात पोचलं. डॉक्टर १९९५पासून या कायद्याखाली आहेत, वकील मे २०२४मध्ये त्यातून बाहेर राहिले, आणि विद्यार्थी आत-बाहेर करत आहे. प्रवेशाच्या टेबलावर त्याला ग्राहकासारखं बोलावलं जातं, थंड पाणी, चहा, ‘सर, बसा’. फसवणूक झाली म्हणून तो भांडायला आला की त्याला गुरुशिष्य परंपरा ऐकवली जाते. दोन्ही बाजूंनी सोयीचं तेवढं घेणाऱ्या या व्यवहाराला मी तरी अप्रामाणिक म्हणतो.

माझ्या शिक्षक मित्रांचा यावर एक आक्षेप असतो, आणि तो हलका नाही. विद्यार्थ्याला ग्राहक म्हटलं की तो गुण मागेल, हजेरी मागेल, अवघड शिकवलं की तक्रार करेल, आणि प्राध्यापक वर्गात हसतमुख सेल्समन होऊन जाईल. हे घडतं, मी पाहिलेलं आहे. अध्यापनाचा अभिप्राय चांगला यावा म्हणून प्रश्न आधी सांगून टाकणारे सहकारी मला माहीत आहेत. तेव्हा सीमा कुठे आखायची? तालमीत नाव घालणाऱ्या पोराने बैठका कमी करा अशी तक्रार केली तर वस्ताद त्याला हाकलून देईल, आणि बरोबरच करील. पण फी घेतली, आखाड्यात माती नाही, वस्ताद महिन्यातून एकदा येतो आणि गंडा मात्र दसऱ्याला बांधला जातो, तर त्या पोराने दाद मागायची नाही का? शिकवणं कठीण असावं, मूल्यमापन कडक असावं, त्यात विद्यार्थ्याचं मत चालू नये. बाकी सगळं, म्हणजे शिक्षक आहे की नाही, प्रयोगशाळा उघडी आहे की नाही, निकाल कधी, पैसे किती, कागद कुठे, हा साधा व्यवहार आहे, आणि व्यवहाराला हिशेब लागतो.

शिक्षक आहे की नाही, याच ठिकाणी मला थोडं थांबायचं आहे. खासगी उच्चशिक्षणाचा सगळ्यात उजळ नमुना आपल्या भाषेतच आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ची, फर्ग्युसन १८८५चं. तिथल्या आजीव सभासदांनी वीस वर्षं सेवा द्यायची आणि पगार दरमहा ७५ रुपये. गोखले त्यातलेच. तीही खासगी संस्थाच होती. फरक असा की संस्था शिक्षकांचीच होती, आणि शब्द पाळायचा तर तो पाळणारा माणूस वीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेला होता. आज त्या त्यागाची मागणी कोणी करू नये. त्यागावर चालणारी व्यवस्था शेवटी शिक्षकाच्या घरच्यांना महागात पडते. पण किमान माणूस टिकावा इतकं तरी करायला हवं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८-१९पासून अभियांत्रिकीत १५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण शिथिल करून २० विद्यार्थ्यांमागे एक असं केलं. कॉलेजांना सुटका मिळाली, वर्ग मोठे झाले. त्यातून जे शिक्षक उरतात, त्यांच्याकडे शिकवण्याबरोबर उन्हाळ्यात प्रवेश गोळा करायचं काम. खरगोनच्या शाळांत जाऊन बारावीच्या मुलांचे फोन नंबर आणायचे. ज्या माणसाने मेमध्ये मुलांना स्वप्नं विकली, त्यानेच ऑगस्टमध्ये त्यांना गणित शिकवायचं, त्यांच्या नजरेला नजर देऊन. त्याचा करार पुढच्या वर्षी वाढेल की नाही, हेही त्याला ठाऊक नसतं. पट्टीवरचे ३२ गुण जायचे असतात ते इथे जातात. तलाव बांधून ते परत येत नाहीत.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्या भागाची. इथे येणारी बहुतेक मुलं हिंदी माध्यमातली. वर्गात पडद्यावर इंग्रजी पाठ, तोंडी हिंदीत दोन वाक्यं, परीक्षा इंग्रजीत. ऑक्टोबर २०२२मध्ये राज्याने एमबीबीएसची हिंदी पुस्तकं मोठ्या समारंभाने काढली. ती कितपत वापरली जातात हा वेगळा विषय. पण पहिल्या सत्रात मुलगा गप्प का बसतो, याची चौकशी करणारा एक माणूस वर्गामागे असावा, ही अपेक्षा कुठल्याही माहितीपुस्तिकेत नाही. मुलांच्या मनात मात्र तीच सगळ्यात मोठी असते, आणि ती ते अभिप्रायाच्या फॉर्मात लिहीत नाहीत.

फॉर्मांचं म्हणाल तर ते ढिगाने आहेत. संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकने २०१७च्या नव्या चौकटीत विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण आणलं. ईमेलवर प्रश्न येतात, मुलांनी उत्तरं द्यायची. पण कोणत्या मुलांना पाठवायचं, त्यांची नावं आणि ईमेल संस्थेनेच पुरवायचे. बाहेरून तपासणी करणाऱ्यांचं काय, तर फेब्रुवारी २०२५मध्ये आंध्रातल्या एका विद्यापीठाच्या मूल्यांकनात लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या पाहणी समितीच्या सदस्यांनाच सीबीआयने अटक केली. आणि आपल्या राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय तपासणी झाली, तेव्हा मे २०२४मध्ये सीबीआयला स्वतःच्याच निरीक्षकाला लाचेच्या आरोपावरून अटक करावी लागली. यावर मी भाष्य करत नाही.

म्हणून मला समितीपेक्षा कागद जास्त भरवशाचा वाटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे २०२३चे नियम फार कमी लोकांनी वाचलेले आहेत. त्यांत लिहिलंय की प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी संस्थेने माहितीपुस्तिका संकेतस्थळावर टाकायची, आणि तिच्यात फी, जागा यांबरोबर शिक्षकांची यादी द्यायची, पात्रतेसह, नियमित कोण आणि पाहुणा कोण हेही सांगून. पुस्तिकेत खोटं किंवा दिशाभूल करणारं काही असेल तर ती ‘तक्रार’ ठरते. कागदपत्रं अडवणं, जादा पैसे मागणं, निकाल लांबवणं, परतावा न देणं, या सगळ्याही तक्रारीच. संस्थेच्या तक्रार निवारण समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. त्यावर लोकपाल, निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश, त्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा. जून २०२४मध्ये आयोगाने लोकपाल न नेमणाऱ्या १५७ विद्यापीठांची नावं जाहीर केली. त्यांत ४७ खासगी होती आणि १०८ सरकारी. सरकारी संस्थांची बाजू घेऊन खासगीवर दगड मारायचा ज्यांना उत्साह आहे, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पॅकेजचंही तसंच. राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. किती मुलं घेतली, किती वेळेत उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मधला पगार किती, म्हणजे अर्ध्या मुलांना ज्याच्याहून जास्त आणि अर्ध्यांना ज्याच्याहून कमी मिळाला तो. फलकावरचं पॅकेज एका मुलाचं असतं, हा आकडा सगळ्या नोकरीला लागलेल्यांचा असतो. तो संकेतस्थळाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत पडलेला असतो.

या सभागृहात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले लोक आहेत, दोन-तीन वकीलही दिसतात. माझी सूचना छोटी आहे. दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात ही व्याख्यानमाला भरवणाऱ्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी दोन तास एक टेबल मांडावं. बाहेरगावचे पालक येतील, त्यांना तीन कागद काढून द्यावेत: त्या संस्थेचा शिक्षकांची यादी असलेला पुस्तिकेचा भाग, फी समितीचा किंवा राज्याच्या खासगी विद्यापीठ नियामक आयोगाचा फीचा आदेश, आणि मधल्या पगाराचं पान. चौथा कागद, परताव्याचा नियम, झेरॉक्स करून फाइलीत लावून द्यावा. यातला एखादा कागद मिळत नसेल, तर तो संस्थेकडून लेखी मागायचा अर्ज तिथेच लिहून द्यावा. मंडळाला यासाठी खर्च येईल तो झेरॉक्सचा आणि चहाचा. यंदापासून सुरू करायचं म्हटलं तर पहिल्या संध्याकाळी मी येऊन बसेन.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवा असं चिटणिसांनी बजावलं होतं. प्रश्न घेऊ या.